डब्यावरचे वॅट आणि फ्यूजचा आकडा

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडया सुरू होतात. दिवसा मंडई भरते आणि रात्री वडशाच्या एखाद्या कंपनीचं नाटक लागतं, ते पार पहाटेपर्यंत चालतं. कुरखेड्याकडच्या गावांतून माणसं जीप भरभरून जातात. नाटक संपेपर्यंत गाडीवाला गाडीतच असतो. थंडी असते, काचा वर असतात आणि करमणुकीला टेप असतो.

अशाच एका पहाटे एका जीपचा सेल्फ नुसता ‘टिक’ करून गप्प बसला. माणसं खाली उतरली, धक्का मारला, गाडी निघाली. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे वायरिंग बघायला आली. मालकाची तक्रार होती, की नवी बॅटरी दुकानदारानं खराब दिली. बॅटरी चांगली होती. सीटखाली नवा ॲम्प्लिफायर होता आणि इंजिन बंद ठेवून तो रात्रभर वाजला होता. मी म्हटलं, हा तुमच्या गाडीला झेपणारा नाही. तो म्हणाला, ‘भाऊ, डब्यावर तर हजार वॅट लिहिलं आहे ना!’

आज त्या हजार वॅटबद्दलच बोलायचं आहे.

मुळात वेगळा ॲम्प्लिफायर लागतो कशाला? टेपच्या आत एक छोटा ॲम्प्लिफायर असतोच. पण त्याला थेट गाडीच्या बॅटरीवर भागवावं लागतं. इंजिन सुरू असताना गाडीत १४ व्होल्टच्या आसपास दाब असतो. तेवढ्या दाबावर ४ ओहमच्या स्पीकरला हिशेबानं फार तर २५ वॅट देता येतात, प्रत्यक्षात स्वच्छ आवाजाचे १८ ते २० मिळतात. म्हणून टेपवर ‘५० वॅट गुणिले ४’ असं लिहिलेलं असलं, तरी तो क्षणभराच्या उसळीचा आकडा समजावा. वेगळ्या ॲम्प्लिफायरमध्ये आधी हा दाब वाढवणारं सर्किट असतं, त्यामुळे तो जास्त शक्ती देऊ शकतो. पण ही शक्ती हवेतून येत नाही. ती बॅटरी आणि अल्टरनेटरकडूनच घ्यावी लागते.

ॲम्प्लिफायर घेताना डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या ‘पीक’ किंवा ‘मॅक्स’ वॅटकडे बघू नका. ‘आरएमएस’ वॅट बघा. सतत देता येणारी शक्ती ती हीच. तोही आकडा खरा आहे की नाही हे तपासायची सोपी युक्ती म्हणजे ॲम्प्लिफायरच्या मागचा फ्यूज. समजा, फ्यूज २० ॲम्पिअरचा आहे. २० गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे २७६ वॅट. याहून जास्त वीज तो सतत आत घेऊच शकत नाही. घेतली तर फ्यूज उडेल. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे ‘क्लास एबी’ ॲम्प्लिफायरमध्ये त्यातली जवळपास निम्मी वीज उष्णता होऊन जाते. उरले सुमारे १४० वॅट. चार स्पीकरांत वाटले, तर प्रत्येकी ३५. त्या जीपमधला हजार वॅटचा डबा होता तो हा असा.

आता आपल्याला किती वॅट हवेत? याचं उत्तर स्पीकरच्या पाठीवर असतं. स्पीकर ५० वॅट आरएमएसचा असेल, तर ॲम्प्लिफायरची एक वाहिनी साधारण ५० वॅट आरएमएसची घ्यावी. फार लहान घेतला तर आपण आवाज चढवत नेतो, ॲम्प्लिफायर दमतो आणि आवाज फाटतो. फाटलेल्या आवाजानं बारीक आवाजाचा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, जळतो. ओहमही जुळले पाहिजेत. ४ ओहमला चालणाऱ्या ॲम्प्लिफायरला २ ओहमचा भार दिला, तर तो तापून बंद पडतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सीटखाली कोंडलेल्या डब्याचं काय होत असेल, ते सांगायला नको.

वॅटच्या मागे धावण्यात फारसा फायदाही नाही. शक्ती दुप्पट केली तरी आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दहापट लागते. त्यापेक्षा स्पीकर निवडताना त्याची संवेदनशीलता बघावी. ९२ डेसिबलचा स्पीकर ८९ डेसिबलच्या स्पीकरइतकाच आवाज निम्म्या वॅटमध्ये देतो. पैसे मोजकेच असतील, तर ते आधी चांगल्या स्पीकरवर घालावेत.

आता बॅटरीचा हिशेब. चार वाहिन्या, प्रत्येकी ५० वॅट, म्हणजे एकूण २०० वॅट. ‘क्लास एबी’चा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात असताना यासाठी सुमारे २९ ॲम्पिअर ओढतो. ‘क्लास डी’ प्रकारचा असेल तर ८० टक्के वीज कामी लागते, म्हणून त्याचं १८ ॲम्पिअरमध्ये भागतं. गाण्यात चढउतार असल्यामुळे जोरात लावलं तरी सरासरी ओढ याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकी धरावी. म्हणजे पहिला ८-९ ॲम्पिअर घेईल, दुसरा ५-६. बॅटरी ६० ॲम्पिअर-तासांची असेल, तर त्यातली निम्मी सेल्फसाठी राखलीच पाहिजे. उरलेल्या ३० मध्ये पहिला साडेतीन तास वाजेल. नाटक त्याहून मोठं असतं! जुनी बॅटरी तर आणखी आधी बसते. म्हणून आमच्या भागात, जिथे गाड्या रात्री तासन् तास उभ्या राहतात, मी ‘क्लास डी’च घ्यायला सांगतो. पाहिजे तर मधून मधून इंजिन चालवा. पण नुसत्या फिरत्या इंजिनवर अल्टरनेटर पूर्ण करंट देत नाही, हेही लक्षात ठेवा.

जोडणीच्या बाबतीत एक गोष्ट कधीच सोडू नका. बॅटरीपासून ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या जाड वायरला बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत वेगळा फ्यूज हवा. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा फ्यूज वायरला वाचवत नाही. सुरुवातीच्या काळात मी हा फ्यूज एकदा टाळला. इंजिनच्या पत्र्यातल्या भोकातून गेलेली वायर घासून सोलली, पत्र्याला टेकली आणि धूर निघाला. डिझेलच्या पाइपाजवळ ती वायर लाल झालेली मी पाहिली आहे. तेव्हापासून भोकाला रबर आणि वायरला फ्यूज, याशिवाय गाडी सोडत नाही. वायर शुद्ध तांब्याची घ्यावी. चाकूनं खरवडल्यावर आत पांढरी दिसली, तर ती ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली आहे. तिला जास्त जाडी लागते. अर्थिंगची वायरही तेवढीच जाड असावी आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर आवळावी.

ॲम्प्लिफायरवर ‘गेन’ नावाचा स्क्रू असतो. तो आवाज वाढवायचा नाही, टेपशी मेळ घालायचा आहे. टेपचा आवाज तीन चतुर्थांश ठेवा, गेन हळूहळू वाढवा आणि फाटायला लागला की थोडा मागे घ्या. मग त्याला हात लावू नका.

शेवटी कानांचं. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत सोसावा, असं तज्ज्ञ सांगतात. पुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला तो फक्त पंधरा मिनिटं उरतो, आणि बंद काचांच्या गाडीत १०० डेसिबल गाठणं अवघड नाही. कोरचीच्या जंगलरस्त्यावर मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला नाही, तर काय होईल याचाही विचार करावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

त्या जीपमालकानं पुढे लहान ॲम्प्लिफायर बसवला. आवाज कमी झाला का, असं मी विचारलं, तर म्हणाला, गाण्यातले शब्द आता कळतात. मला मात्र दुसऱ्याच गोष्टीचं समाधान होतं. खेड्यातली जीप ही रात्री-अपरात्री दवाखान्याचीही गाडी असते. कुणी दार ठोठावलं, तर ती पहिल्या किल्लीला सुरू झाली पाहिजे.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)