चेहरा सोडा, हात बघा!

होस्टेलच्या खोलीत पोकरचा डाव, चिप्सऐवजी शेंगदाणे. ऑनलाइन पैसे लावून खेळायला 2025च्या कायद्याने बंदी आहे, सो शेंगदाणेच बरे!

प्रत्येकाला दोन पत्ते, मध्ये पाच उघडे: आधी तीन, मग एक, मग एक. सातांतून बेस्ट पाच धरायचे. दर टप्प्याला वाढवा, तेवढेच लावा नाहीतर पॅक. तीन पत्तीवाल्यांनो, सांभाळा! तिथे सिक्वेन्स कलरला हरवते, इथे उलटं. माझे निम्मे शेंगदाणे यातच गेले.

उरलेले समोरच्याचा चेहरा वाचताना गेले. 2013 च्या एका अभ्यासात कॉलेजच्या मुलांना वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या क्लिप्स दाखवल्या होत्या. नुसता चेहरा पाहणारे चकले. नुसते हात पाहणाऱ्यांचे अंदाज बरे आले. चांगले पत्ते असले की चिप्स सरकवणारा हात सफाईने चालतो म्हणे. अर्थात, तो माणूस एरवी कसा खेळतो हे आधी हेरायला हवं.

काल रूममेटने मख्ख चेहऱ्याने वीस शेंगदाणे सरकवले. एरवी एका झटक्यात सरकवतो, काल हात मध्येच अडखळला. मीही वीस लावले. त्याच्याकडे साधी जोडीसुद्धा नव्हती!