धांवता पट्टा आणि त्याचा विजेचा पहारा

घरांतील दिव्याचें बटन दाबलें कीं खोली उजळते, हें आपण रोज पाहतों. परंतु त्या उजेडापाठीमागें कोळशाचे ढिगारेच्या ढिगारे हलत असतात, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. चंद्रपूर येथील औष्णिक विद्युत्-केंद्रांत ५०० मेगावॉटचे संच आहेत. असा एक संच पूर्ण भारानें चालला म्हणजे तासाला ५ लक्ष युनिटें वीज उत्पन्न होते. आपल्या देशांतील कोळशाची प्रत पाहतां एका युनिटास साधारणपणें ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे एकट्या एका संचास दर तासाला ३०० ते ३५० टन कोळसा पुरवावा लागतो, आणि तोही रात्रंदिवस. इतका माल पाट्यांनीं वाहून नेणें मनुष्यबळाच्या आटोक्याबाहेरचें आहे. हें काम रबरी पट्टे करितात. त्यांस बेल्ट कन्व्हेयर असें म्हणतात. ह्या पट्ट्यांवर वीज पहारा कसा ठेविते, तें ह्या लेखांत सांगावयाचें आहे.

पट्ट्याची रचना तशी साधी आहे. दोन टोकांस दोन मोठ्या पुल्या, त्यांवरून गेलेला अखंड पट्टा, आणि त्यास मधून मधून आधार देणारे फिरते रूळ. एक पुली विजेची मोटार फिरविते व पट्टा धांवूं लागतो. अमेरिकेंत थॉमस रॉबिन्स ह्या गृहस्थानें १८९२ च्या सुमारास खनिजें व कोळसा वाहण्याकरितां असे पट्टे तयार करण्यास आरंभ केला. आज त्यांचा विस्तार थक्क करणारा आहे. पश्चिम सहारांतील बू क्रा येथील फॉस्फेट समुद्रकांठीं नेणारी पट्ट्यांची मालिका सुमारें १०० किलोमीटर लांब आहे. आपल्या मेघालयांतील चुनखडी सुमारें १७ किलोमीटर लांबीच्या पट्ट्यावरून सरहद्द ओलांडून बांगला देशांतील छातक येथील सिमेंटच्या कारखान्यांत जाते.

आतां खरी अडचण कोठें आहे ती पाहूं. विद्युत्-केंद्रांत कोळसा एकाच पट्ट्यावरून जात नाहीं. वॅगनमधून उतरलेला कोळसा पहिल्या पट्ट्यावर पडतो, तेथून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, आणि शेवटीं बॉयलरच्या वरील बंकरमध्यें. आग विझवितांना माणसें ओळीनें उभीं राहून घागरी हातोहात देतात, तसाच हा प्रकार. त्या ओळींतील मधला मनुष्य एकाएकीं थांबला आणि मागच्यांनीं घागरी देणें चालूच ठेविलें, तर काय होईल? घागरी त्याच्या पायांशीं फुटतील. पट्ट्यांचेंही तसेंच आहे. फक्त घागरींच्या जागीं टनांचा हिशोब करावा लागतो. तासाला १००० टन वाहणारा पट्टा दर सेकंदास सुमारें २७८ किलोग्रॅम कोळसा पुढें टाकतो. दुसरा पट्टा बंद पडला आणि पहिला एक मिनिटभरच चालत राहिला, तर दोहोंच्या सांध्यावर १६ टनांहून अधिक कोळसा सांचेल. कोळसा खालीं सोडणारी च्यूट तुंबेल, पट्टा फाटेल, आणि तो ढीग उपसण्यास माणसांना अडचणीच्या जागीं उतरावें लागेल.

म्हणून नियंत्रणाचा पहिला नियम असा, कीं चालू करतांना शेवटापासून आरंभ करावा. प्रथम तिसरा पट्टा, तो पूर्ण वेगांत आला म्हणजे दुसरा, आणि मग पहिला. थांबवितांना क्रम उलट. आधीं कोळसा घालणें बंद करावें, मग पहिला पट्टा रिकामा होऊं द्यावा, त्यानंतर दुसरा व तिसरा. पट्टा २०० मीटर लांब असून त्याचा वेग सेकंदास २.५ मीटर असेल, तर तो रिकामा होण्यास ८० सेकंद लागतात. हा भागाकार सातवीचा विद्यार्थीही करील, आणि नियंत्रण आंखणारा एंजिनियर आपला काल-रिले ह्याच हिशोबानें लावितो. मात्र अपघातानें दुसरा पट्टा मध्येंच थांबला, तर पहिल्यानें तत्क्षणीं थांबलें पाहिजे; तिसऱ्यानें मात्र चालत राहून आपल्यावरील माल पुढें टाकावा. शिवाय वीज तुटली तरी भरलेला पट्टा आपल्या गतीनें कांहीं सेकंद पुढें सरकतच राहतो. मागचा पट्टा पुढच्याहून अधिक वेळ सरकत राहिला तरी सांध्यावर ढीग होतोच; तेव्हां ह्या थांबण्याच्या वेळांचाही मेळ आधींच घालावा लागतो.

एका पट्ट्यास दुसऱ्याची अवस्था कळते कशी? १८२५ मध्यें इंग्लंडांत विल्यम स्टर्जन ह्यानें लोखंडाभोंवतीं तार गुंडाळून विद्युच्चुंबक करून दाखविला. तारेंतून प्रवाह वाहतो तोंवर लोखंड चुंबक असतें, प्रवाह थांबतांच त्याचें चुंबकत्व जातें. मोटारीस वीज देणारा कॉन्टॅक्टर हें ह्याच तत्त्वाचें मोठें रूप होय. त्याच्या वेटोळ्यांत अल्पसा प्रवाह सोडला कीं चुंबक पट्टी ओढतो, मुख्य संपर्क जुळतात आणि मोटार चालूं लागते. त्याच पट्टीस जोडून एक लहानसा संपर्क असतो. तो पुढील पट्ट्याच्या कॉन्टॅक्टरवर बसवून त्याची तार मागील पट्ट्याच्या वेटोळ्याच्या मार्गांत घातली, कीं पुढचा चालू असल्याखेरीज मागचा चालूं शकत नाहीं. एकाच्या परवानगीवांचून दुसऱ्यानें चालूं नये, ह्या योजनेस इंटरलॉक म्हणतात.

परंतु मोटार फिरते म्हणजे पट्टा धांवतोच असें नाहीं. पट्टा सैल पडला तर पुली त्याच्याखालीं नुसती घसरत राहते आणि घर्षणानें रबर पेट घेऊं शकतें. म्हणून वेग मोटारीपाशीं न मोजतां मागील टोंकाच्या पुलीवर मोजतात, कारण ती पुली केवळ पट्ट्याच्याच ओढीनें फिरते. असे आणखीही पहारेकरी आहेत. पट्टा एका अंगास सरकला कीं त्याच्या कडेचा स्विच दबतो. च्यूट तुंबली कीं तेथील स्विच कळवितो. मोटारीवर अतिभार आला कीं तिचा रिले उष्णतेनें सुटतो. आणि सर्वांत महत्त्वाची ती पुल-कॉर्ड. पट्ट्याच्या कडेनें, चालण्याच्या वाटेवर हातास सहज लागेल अशी एक दोरी टोकापासून टोकापर्यंत ताणलेली असते. कोणाचें धोतर, लुगडें वा हात पट्ट्यांत सांपडूं लागला, तर जो कोणी जवळ असेल त्यानें ती ओढावी, पट्टा थांबतो. आगगाडींतील धोक्याची सांखळी ओढण्यासारखेंच हें आहे.

हे सर्व स्विच एकापुढें एक अशा एकाच मार्गांत जोडलेले असतात, आणि येथें नियंत्रणाचा दुसरा नियम येतो. त्याकडे विद्यार्थ्यांनीं विशेष लक्ष द्यावें. धोका आला म्हणजे प्रवाह सुरू होऊन पट्टा थांबावा, अशी योजना करितां येईल. पण ती वाईट योजना होय. कारण तारच तुटलेली असेल, तर दोरी ओढूनही कांहीं घडणार नाहीं, आणि तार तुटली आहे हें अपघाताच्या क्षणापर्यंत कोणास कळणारही नाहीं. उत्तम योजना ह्याच्या उलट असते. सर्व कुशल असतां प्रवाह अखंड वाहत राहतो. स्विच उघडला, तार तुटली, वीज गेली, कांहींही झालें तरी प्रवाह खंडतो आणि पट्टा थांबतो. दोष उत्पन्न होतांच यंत्रानें स्वतःहून सुरक्षित बाजूस पडावें, हें त्यांतील मर्म. आगगाडीच्या ब्रेकाचेंही तत्त्व हेंच आहे. १८७२ मध्यें जॉर्ज वेस्टिंगहाउस ह्यानें जो स्वयंचलित ब्रेक काढला, त्यांत नळींतील हवेच्या दाबानें ब्रेक सुटलेले राहतात. नळी फुटली कीं ते आपोआप लागतात. चढावरील पट्ट्याचा ब्रेकही असाच, स्प्रिंगनें लागणारा व विजेनें सुटणारा असतो; अन्यथा वीज जातांच भरलेला पट्टा उलट धांवूं लागेल.

तिसरा नियम पुनः चालू करण्यासंबंधींचा आहे. गेलेली वीज परत आली म्हणून पट्ट्यानें आपण होऊन चालूं लागतां कामा नये; तेवढ्या वेळांत कोणी त्यावर चढलेला असूं शकतो. ओढलेली पुल-कॉर्डही आपोआप पूर्ववत् होत नाहीं. मनुष्यानें त्या जागीं जाऊन, डोळ्यांनीं पाहून, हातानें स्विच फिरवावा लागतो. त्यानंतर भोंगा वाजतो, कांहीं सेकंद जातात, आणि मगच पट्टा हलतो. पुली साफ करावयाची असेल, तर नुसतें बटन बंद करणें पुरेसें नाहीं. विजेचा मुख्य स्विच बंद करून त्यास काम करणाऱ्यानें स्वतःचें कुलूप घालावें व किल्ली आपल्या खिशांत ठेवावी. चार जण काम करीत असतील तर चार कुलुपें. चौथें निघाल्याखेरीज स्विच लागत नाहीं. मोटारीजवळ उभा असलेला मनुष्य दूरच्या खोलींतून दिसत नाहीं, एवढी एकच गोष्ट ध्यानांत घेतली तरी ह्या कुलुपाची किंमत कळते.

१९६९ च्या सुमारास अमेरिकेंत रिले-पाट्यांच्या जागीं पी. एल. सी. नांवाचें गणकयंत्र आलें. आज शेंकडों तारांचें काम त्यांत लिहिलेला प्रोग्राम करितो. क्रम बदलणें असल्यास तारा उपटाव्या न लागतां प्रोग्राम बदलला कीं झालें. तथापि पट्टा तत्काळ थांबविण्याचा मार्ग कित्येक ठिकाणीं अजूनही स्वतंत्र तारेनें थेट कॉन्टॅक्टरपर्यंत नेलेला असतो, कारण मनुष्याचा जीव केवळ प्रोग्रामाच्या भरंवशावर सोडूं नये असें जाणते एंजिनियर मानितात.

ह्या साऱ्या पहाऱ्यास एक मोठा शत्रू आहे, तो म्हणजे घाई. एखादा स्विच वारंवार पट्टा थांबवितो, बंकर रिकामा होत चालतो, वरून विचारणा होते. अशा वेळीं तारेचा एक तुकडा लावून तो स्विच टाळण्याचा मोह होतो. तुकडा लावण्यास एक मिनिट पुरतें, काम सुरळीत चालतें, आणि तो काढावयाचा राहून जातो. पुढें कधीं तरी एखादा मजूर संकटांत ती दोरी ओढतो, आणि पट्टा थांबत नाहीं. स्विच वारंवार सुटत असेल तर त्याचें कारण शोधावें. पट्टा वांकडा चालतो काय, रूळ अडकला आहे काय, हें पाहावें. पहारेकरी ओरडतो म्हणून त्याचें तोंड बांधणें हा उपाय नव्हे. आमच्या वाचकांपैकीं ज्या पालकांचे हात साखर-कारखान्यांत, खाणींत वा बंदरांत राबतात, त्यांस हें निराळें सांगावयास नको. परंतु आपल्या मुलांना त्यांनीं तें घरीं अवश्य सांगावें.

विद्यार्थ्यांस एक प्रयोग सुचवून हा लेख पुरा करितों. प्रयोगशाळेंतून एक बॅटरी, एक लहान दिवा आणि तीन स्विच मागून घ्या. तिन्ही स्विच एकापुढें एक जोडा व दिवा लावा. हा दिवा म्हणजे आपला पट्टा. आतां कोणताही एक स्विच उघडा, दिवा विझेल. स्विच पुनः लावून एक तारच सोडवा. तरीही दिवा विझेल. मग तारेचा तुकडा घेऊन एका स्विचाचीं दोन्ही टोकें जोडा, आणि तो स्विच उघडा. दिवा जळतच राहील. त्या जळत्या दिव्याकडे क्षणभर पाहा, आणि त्या जागीं धांवता पट्टा व त्याच्याकडेनें दोरी ओढणारा मनुष्य आहे अशी कल्पना करा. तुमच्यांतील कोणी पुढें एंजिनियर होईल, कोणी वायरमन, कोणी कारखान्याचा व्यवस्थापक. तारेचा असा तुकडा कोठें लावलेला आढळला, तर तो काढल्याखेरीज पट्टा चालू करूं नका.