आहेराची वही

आहेर लिहायला कोण बसणार, हे वऱ्हाडात मांडव पडायच्या आधीच ठरलेलं असतं. अक्षर सुवाच्य हवं, हिशोब पक्का हवा, पंचक्रोशीतल्या सोयरिकी तोंडपाठ हव्यात. शिवाय कोणी किती टाकले हे दुसऱ्या दिवशी पारावर बसून सांगणारा माणूस नको. म्हणून हे काम बहुतेक वेळा एखाद्या निवृत्त गुरुजींकडे जातं. मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका लग्नात अशाच एका गुरुजींच्या शेजारी मी खुर्ची टाकून बसले होते. नवरी गावातली, नवरदेव अकोल्याचा. दोन्हीकडची टेबलं वेगळी, वह्याही वेगळ्या.

वही लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, व्यापारी खतावणीला वापरतात तसली. पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक. पुढे पट्टीनं आखलेले रकाने: अनुक्रमांक, नाव, गाव, रोख, वस्तू. पाहुणा पाकीट पुढे करतो, गुरुजी त्यावरचं नाव मोठ्यानं वाचतात, गाव विचारून घेतात. शेजारी बसलेला नवरीचा आतेभाऊ पाकीट फोडतो, नोटा मोजतो आणि आकडा हळू आवाजात सांगतो. तो आकडा वहीत जातो, तसाच रिकाम्या पाकिटावरही लिहिला जातो. पैसे पत्र्याच्या पेटीत पडतात, पाकिटांचे रबर लावून गठ्ठे होतात. रात्री वही, गठ्ठे आणि पेटीतली रोकड यांचा ताळा जमेपर्यंत गुरुजी जेवत नाहीत. घाई झाली तर पाकिटं न फोडता नुसती नावं लिहून ठेवतात, पण ते त्यांना आवडत नाही.

अमरावतीला जवाहर रोडवर किंवा अकोल्याला टिळक रोडवर पत्रिकांच्या दुकानात गेलं, की ही पाकिटं दहा-दहाच्या गठ्ठ्यानं मिळतात. लाल, केशरी, पिवळी, वर गणपती किंवा ‘शुभ विवाह’, कोपऱ्यात रुपयाचं नाणं आधीच चिकटवलेलं. त्या नाण्यामुळे शंभराचे एकशे एक होतात, पाचशेचे पाचशे एक. गोल रकमेवर हिशोब संपतो आणि वरच्या रुपयानं तो पुढे चालू राहतो, असं जुनी माणसं सांगतात. पूर्वी नाण्याच्या जागी रुपयाची कोरी नोट असे. 1994 साली तिची छपाई थांबली आणि 2015 मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात जुन्या कोऱ्या नोटा जपून ठेवणारी घरं माझ्या पाहण्यात आहेत.

चिनी लोकांची लाल पाकिटं आपल्याकडे सिनेमांतून ओळखीची झाली आहेत. मँडरिनमध्ये त्यांना होंगबाव म्हणतात, हाँगकाँगकडे लायसी. नव्या वर्षाला लग्न झालेली माणसं ती मुलांना आणि बिनलग्नाच्या तरुणांना देतात. पाकीट दोन्ही हातांनी द्यायचं-घ्यायचं, देणाऱ्यासमोर उघडायचं नाही, आत कोऱ्या नोटा असाव्यात, असा रिवाज आहे. सणाच्या आधी हाँगकाँगच्या बँकांसमोर नव्या नोटांसाठी रांगा लागतात. मुलांना मिळणाऱ्या या पैशामागे रक्षणाची कल्पना आहे. वर्षाच्या शेवटच्या रात्री येणारी पीडा त्या पैशानं दबून राहते, अशी समजूत. पूर्वी त्यासाठी लाल दोऱ्यात ओवलेली नाणी देत. आकड्याच्या बाबतीत मात्र त्यांचं आणि आपलं अगदी उलट आहे. तिकडे शुभकार्याला सम रक्कम लागते. चार टाळतात, कारण त्याचा उच्चार मृत्यूच्या जवळ जातो. आठ सर्वांना प्रिय. विषम रक्कम पांढऱ्या पाकिटात घालून मयताच्या घरी देतात. आपला एकशे एकचा आहेर तिकडच्या लग्नात नेला, तर यजमानाच्या काळजात चर्र होईल.

पण चिनी लग्नात दारापाशी एक टेबलही असतं. घरातलं विश्वासाचं माणूस तिथे पाकिटं घेऊन नाव आणि रक्कम वहीत लिहितं, आणि पुढे त्या घरी कार्य निघालं की वही पाहून तितकं किंवा थोडं जास्त परत केलं जातं. हे वाचलं तेव्हापासून मला त्या लाल पाकिटापेक्षा त्यांची वही जास्त जवळची वाटते. पाकीट रक्कम झाकतं. वहीतली ओळ मात्र सांगते की हा माणूस तुमच्या कार्याला उभा राहिला होता.

दुपारी बाराचं ऊन मांडवाच्या कनातीतून आत येत होतं, तेव्हा एक म्हातारी बाई टेबलापाशी आली. पाकीट नव्हतं. पदराची गाठ सोडून तिनं चार वेळा घडी घातलेली पन्नासची नोट आणि एक रुपया टेबलावर ठेवला.

“लिहा गुरुजी, एक्कावन.”

“कोनाच्या नावानं लिहू, माय?”

“त्याईच्याच नावानं लिहा. त्याईच्या हातचा व्यवहार हाय हा.”

तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. गुरुजींनी आधी ‘कै.’ लिहून त्याचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि पुढे ‘ह.’ म्हणून तिचं नाव घातलं. हस्ते. मग पूर्ण ओळ तिला वाचून दाखवली. तिला अक्षरं येत नसावीत, पण बोट कागदावर ठेवून ती ओळ संपेपर्यंत ऐकत राहिली, आणि मगच जेवायला गेली. नवरीच्या आजोबांनी कधीकाळी तिच्या घरच्या लग्नात आहेर केला होता, तो आज फिटला. पाचशे एकची पाकिटं देणारे कितीतरी जण त्या दुपारी येऊन गेले. त्यांतल्या एकानंही आपली ओळ वाचून घेतली नाही.

वहीचं खरं काम लग्नानंतर सुरू होतं. ती सातबारा, रेशनकार्ड यांच्याबरोबर कपाटात जाते. कोणाची पत्रिका आली, की बाहेर निघते. “पाहा बरं, त्याईनं आपल्या पोरीच्या लग्नात काय केलं होतं?” दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे एकशे एक आज एकशे एकच परत करत नाहीत. मधे महागाई वाढली, नातं किती टिकलं, त्यांच्याकडे यंदा कापूस-सोयाबीन कसं झालं, हे सगळं धरून आकडा ठरतो. घेतलं त्याहून कमी मात्र द्यायचं नाही. हा आकडा ठरवतं कोण, तर बहुतेक घरांत बाई. वहीत नाव पुरुषाचं, पण कोणत्या जावेनं कोणती साडी दिली आणि ती आपण पुढे कोणाला नेसवली, हे तिच्या डोक्यात असतं. वहीत एक ‘सौ.’चा रकाना असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

पाकिटांच्या आधी भांडी होती. स्टीलच्या डब्यावर, ताटलीवर देणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून घेत. जुन्या घरांच्या फळ्यांवर अजून ती नावं वाचता येतात.

सरकारलाही अशा लिहिण्याची गरज वाटली. हुंडाबंदी कायदा 1961 चा. त्याखाली 1985 मध्ये नियम आले की नवरा-नवरीला मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवावी. वस्तू काय, अंदाजे किंमत किती, देणारा कोण आणि नात्यानं काय लागतो, आणि खाली दोघांच्या सह्या. वहीतली ओळ मुलीच्या कामी यावी, हा त्यामागचा हेतू. पण त्या नियमांप्रमाणे सह्यांची यादी केलेली मला एकाही मांडवात दिसलेली नाही. आहेराच्या वहीत तीन रकाने वाढवले तरी ते काम होईल. मुलीच्या बापानं तेवढं जरूर करावं.

2016 च्या नोव्हेंबरात, तुळशीचं लग्न तोंडावर असताना, पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या. लग्नघराला बँकेतून अडीच लाख काढायची मुभा मिळाली, पण त्याला कागदपत्रं लागत. त्या हंगामातल्या वह्या पाहिल्या, तर रोखीच्या रकान्यात ‘मागून’ असा शब्द दिसतो. लोकांनी मागून आणूनही दिले.

हल्ली पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापतात. हेतू चांगला असतो, पाहुण्यावर भार पडू नये असा. कर्ज काढून सणवार, लग्नं करू नका, हे याच मातीत जन्मलेल्या गाडगे महाराजांनी जन्मभर सांगितलं, आणि ते शंभर टक्के खरं आहे. पण ही ओळ बहुधा सुस्थितीतल्या घरांच्या पत्रिकेवर असते. त्या घरानं ज्यांना पूर्वी आहेर केला, त्यांनी तो फेडायचा कुठे? एक्कावन रुपये घेऊन येणाऱ्या बाईला तुम्ही परत पाठवलं, तर ती कायमची तुमच्या उपकाराखाली राहते. लहान आहेर घेणं हेही मोठ्या घराचं कर्तव्य आहे, असं मी मानते.

टेबलावर आता क्यूआर कोडचा स्टँड आला आहे. चीनमध्ये 2014 पासून लाल पाकिटं मोबाईलवरून जाऊ लागली. आपल्याकडे यूपीआयनं तेच केलं. त्या दुपारी आतेभावाचा मोबाईल सारखा वाजत होता. पैसे येत होते, पण नावं बँकेच्या खात्यावरची, इंग्रजी आद्याक्षरांची. काही मुलाच्या खात्यावरून, काही जावयाच्या. “हा कोन?” गुरुजी दर वेळी विचारत, आणि उत्तर मिळालं नाही की वहीत एक ओळ कोरी सोडत. संध्याकाळी अशा ओळी बऱ्याच झाल्या होत्या. पाठवणीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी नवरीचे वडील ओसरीवर फोन घेऊन बसले. प्रत्येक नंबर लावून “नमस्कार, तुमचा आहेर मिळाला, तुमी कोन्या गावचे?” असं विचारत होते, आणि गुरुजी समोर बसून त्या ओळी भरत होते.