घरातली ऊब : जाळाआधी धुराचा विचार

थंडीचा कडाका वाढला की महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव परिसरात दवबिंदू गोठल्याच्या आणि निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागतात. मुंबई-पुण्याच्या सदनिकेत जाड रजईवर भागते. मात्र, महाबळेश्वर-पाचगणीत बंगला बांधणारे किंवा नोकरीनिमित्त काश्मीर, हिमाचल अथवा युरोपात राहायला जाणारे यांच्यापुढे खोली उबदार कशी ठेवायची, हा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी साधनाची निवड बहुधा त्याच्या रूपावरून होते. वास्तविक धूर कुठून बाहेर जाणार आणि ताजी हवा कुठून आत येणार, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी मिळायला हवीत.

फायरप्लेस : शोभा अधिक, ऊब कमी

भिंतीतील उघडी फायरप्लेस देखणी असते. पण लाकडातील बहुतांश उष्णता ती धुरांड्यावाटे आकाशात सोडते. जाळाबरोबर खोलीतील गरम हवाही वर ओढली जाते आणि तिची जागा घेण्यासाठी दारे-खिडक्यांच्या फटींतून थंड हवा आत शिरते. समोर बसणाऱ्याचा चेहरा तापतो, पाठ मात्र गारच राहते. अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्ड यांनी उथळ खोबण, तिरप्या बाजू आणि अरुंद गळा अशी रचना सुचवून हा दोष बराच कमी केला. पूर्णपणे तो गेला नाही.

स्टोव्ह आणि बुखारी

बिडाच्या किंवा पोलादी बंद स्टोव्हमध्ये हवा झडपेतून मोजकीच आत जाते आणि तापलेला धातू खोलीला ऊब देतो. चांगल्या आधुनिक स्टोव्हमध्ये लाकडातील ७० ते ८० टक्के उष्णता उपयोगी पडते. काश्मीरमधील बुखारीचे तत्त्वही हेच. पत्र्याच्या नळकांड्यात लाकूड किंवा कोळसा जळतो आणि धूर पाइपातून घराबाहेर जातो. पाइपाचे सांधे निसटले किंवा तो काजळीने चोंदला, तर हाच धूर खोलीत पसरतो. म्हणून दर हिवाळ्यापूर्वी सफाई आवश्यक ठरते.

स्टोव्ह खोलीच्या मानाने मोठा घेणेही चुकीचे. उकडू लागले की झडप आवळली जाते, लाकूड धुमसत राहते आणि धुरांड्यात डांबरासारखा थर साचतो. तो पेट घेऊ शकतो. ओल्या सरपणानेही हेच घडते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मे पाणी असू शकते. इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून लहान प्रमाणात विकल्या जाणाऱ्या जळाऊ लाकडातील ओलावा २० टक्क्यांपर्यंतच असावा, असा नियम लागू झाला.

निखाऱ्यांचा छुपा धोका

धुरांडे नसलेली कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवणे सर्वांत घातक. निखाऱ्यांतून धूर दिसत नाही, म्हणून ते निर्धोक वाटतात. प्रत्यक्षात त्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा रंग-गंधहीन वायू बाहेर पडतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे; झोपलेल्या माणसाला तीही जाणवत नाहीत. बाळंतिणीला शेक-शेगडी देण्याची प्रथा अनेक घरांत आहे. तिथेही खिडकी उघडी हवी आणि शेक संपताच शेगडी खोलीबाहेर नेलेली बरी.

सदनिकेसाठी वीजच बरी

धुरांड्याची सोय नसलेल्या सदनिकेत विजेचे साधन श्रेयस्कर. दोन हजार वॅटचा हीटर पाच तास चालवला तर दहा युनिट वीज लागते. त्यासाठी १६ अँपिअरचा सॉकेट हवा. साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर तो लावू नये. गरम हवेची सोय असलेला इन्व्हर्टर एसी बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणतो. त्यामुळे सौम्य थंडीत एका युनिटमागे तो हीटरच्या सुमारे तिप्पट ऊब देऊ शकतो.

ज्यांना लाकडाचाच जाळ हवा असेल, त्यांनी बंगल्याच्या आराखड्यातच धुरांडे आणि हवेची वाट आखून घ्यावी. नंतर भिंत फोडून केलेली सोय महागात पडते. घरात कोणताही जाळ असो, कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा अलार्म झोपण्याच्या खोलीजवळ बसवायलाच हवा.