परक्या सरकारावर दावा लावता येतो का?

सभासद बंधूंनो, उद्या बारामती-इंदापूरची साखर एखाद्या परक्या सरकारनं घेतली अन् करार मोडला, तर दाद मागायची कुठं? दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८६ सांगतं, केंद्र सरकारच्या संमतीशिवाय असा दावा इथं चालत नाही. चहाच्या करारावरून इजिप्तच्या सरकारावर कलकत्त्यात दावा झाला, तेव्हा १९६५ साली सुप्रीम कोर्टानं हेच ठरवलं. विलायतेत निराळं घडलं. १९७३ साली क्यूबानं चिलीला विकलेली साखर जहाजासकट माघारी फिरवली. व्यापारात उतरलेल्या सरकाराला कोर्टातून सूट नाही, असा निकाल १९८१ साली लंडनला लागला. म्हणून करारात लवादाचं कलम हवंच. लवादाचा निवाडा वसूल करायला ती संमती लागत नाही, असं दिल्ली हायकोर्टानं २०२१ साली सांगितलं. अन् बँकेची हमी हाती आल्याबिगर पोतं गोदामातून हलवू नये, हे बरं.