ऑनलाइन विक्री : आपला कोनाडा शोधताना

जुन्या वाड्यांच्या भिंतीत कोनाडे असत. तिन्हीसांजेला पणती ठेवायची ती तिथे. इंग्रजीतल्या ‘निश’ या शब्दाचा मूळ अर्थही हाच, भिंतीतला कोनाडा. व्यापारात ‘निश मार्केट’ म्हणजे एका ठरावीक गरजेचे थोडेसे ग्राहक, ज्यांच्या अडचणीकडे मोठ्या बाजाराचं नीट लक्ष गेलेलं नसतं. घरबसल्या ऑनलाइन विक्री सुरू करणाऱ्या प्रत्येकाला हल्ली ‘तुमचा निश शोधा’ असा सल्ला मिळतो. तो शोधायचा कसा, याबद्दल मात्र गैरसमज फार आहेत. त्यापायी बचतगटाची शिल्लक किंवा दागिने गहाण ठेवून उभं केलेलं भांडवल न विकलेल्या मालाच्या खोक्यांत अडकून पडतं. हे टाळता येण्यासारखं आहे, म्हणून एकेक गैरसमज तपासून पाहू. उदाहरणाला ओळखीची वस्तू घेऊ : कोल्हापुरी चप्पल.

गैरसमज १ : ज्या वस्तूला सर्वात जास्त मागणी, तीच विकावी.

वस्तुस्थिती : मागणी जास्त तिथे विक्रेतेही जास्त. ‘कोल्हापुरी चप्पल’ एवढंच शोधलं तर पानामागून पान भरून जोड दिसतात, त्यांत रेक्झिनच्या स्वस्त नकलाही असतात. त्या गर्दीत नवख्या विक्रेत्याच्या हाती एकच हत्यार उरतं : किंमत कमी करणं. आणि हाताने शिवलेली चामड्याची चप्पल यंत्रावरच्या नकलेशी किमतीत कधीच जिंकत नाही.

आता ग्राहकाकडून विचार करा. एखाद्याचं पाऊल रुंद आहे, नेहमीचा जोड बोटांवर आवळतो. एखाद्याला बारा नंबर लागतो आणि दुकानात तो मिळत नाही. कुणाला लग्नात धोतर-कुर्त्यावर घालायला कापशी घाटाचीच कोल्हापुरी हवी, कुणाला रोज ऑफिसला वापरता येईल असा हलका जोड. चप्पल तीच, पण अडचण प्रत्येकाची वेगळी. कोनाडा अडचणीत असतो. ‘मी कोल्हापुरी विकतो’ असं म्हणणारा हजारांतला एक ठरतो. ‘रुंद पावलांसाठी मापाची कोल्हापुरी करून देतो’ असं म्हणणाऱ्याला ज्याला गरज आहे तो शोधत येतो.

गैरसमज २ : कुणीच विकत नाही, म्हणजे संधी मोकळी आहे.

वस्तुस्थिती : कुणीच विकत नाही याचं सर्वात साधं कारण बहुतेकदा हेच असतं की कुणी घेत नाही. क्रिस अँडरसन यांनी २००४ मध्ये ‘वायर्ड’ मासिकात ‘लाँग टेल’ची, म्हणजे बाजाराच्या लांब शेपटीची कल्पना मांडली. ऑनलाइन दुकानाला फळीच्या जागेची मर्यादा नाही, त्यामुळे थोड्या-थोड्या खपणाऱ्या असंख्य वस्तूंची एकत्रित विक्री मोठी होते, हा त्यांचा मुद्दा. पुढे २००८ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या प्राध्यापिका अनिता एल्बर्स यांनी संगीत आणि चित्रपटांच्या विक्रीची आकडेवारी तपासून दाखवलं की लोकप्रिय वस्तूंचंच वजन मोठं राहतं आणि शेपटीतल्या एकेका वस्तूच्या वाट्याला फार थोडं येतं. दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. हजारो दुर्मीळ वस्तू ठेवणाऱ्या दुकानाला शेपटीचा फायदा होतो. एकच दुर्मीळ वस्तू घेऊन बसलेल्याला दुर्मीळपणाने पोट भरता येत नाही.

म्हणून विक्रेते थोडे, खरेदी चालू, पण ग्राहक कुरकुरणारे, अशी जागा शोधावी. ती सापडते प्रतिक्रियांत. पाच ताऱ्यांच्या प्रतिक्रिया वाचून फारसं कळत नाही. दोन आणि तीन तारे देणाऱ्यांनी वस्तू घेतलेली असते, पैसे मोजलेले असतात आणि काय कमी पडलं ते लिहिलेलं असतं. ‘माप लहान निघालं’, ‘अंगठा सुटला’, ‘पहिले आठ दिवस चावली’. एकच तक्रार वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या मालाखाली पुन्हा पुन्हा दिसली की वहीत नोंदवा. कोनाड्याचं माप तिथेच मिळतं.

गैरसमज ३ : गूगल ट्रेंड्सवर १०० आकडा दिसला, म्हणजे गिऱ्हाईक भरपूर.

वस्तुस्थिती : हा आकडा शोधणाऱ्यांची संख्या सांगत नाही. निवडलेल्या काळात आणि प्रदेशात त्या शब्दाचा शोध ज्या वेळी सर्वाधिक प्रमाणात झाला, त्या क्षणाला १०० मानतात आणि बाकीचा आलेख त्याच्या तुलनेत काढतात. फार कमी लोक शोधतात अशा शब्दाचाही आलेख १०० ला टेकू शकतो. शिवाय शोधणारा प्रत्येक जण विकत घेणारा नसतो.

या साधनाचा खरा उपयोग हंगाम कळण्यासाठी होतो. पाच वर्षांचा आलेख काढला की दरवर्षीचे चढउतार दिसतात. आकाशकंदील दिवाळीपुरता, राखी श्रावणापुरती. खऱ्या कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेलं असतं. ते पावसात भिजलं की बिघडतं, म्हणून पावसाळ्यात ती पायांत फारशी दिसत नाही. मे महिन्याच्या विक्रीवर भरवसा ठेवून जुलैसाठी माल भरला, तर तो दसऱ्यापर्यंत घरात बसतो.

गैरसमज ४ : ओळखीच्या सगळ्यांना आवडलं, म्हणजे विकलं जाणारच.

वस्तुस्थिती : मायेची माणसं कौतुक करतात, आणि करावंच. पण कौतुक आणि ऑर्डर यांच्यात खिशातून पैसे काढण्याचं अंतर असतं. त्यासाठी परीक्षा सोपी आहे. अनोळखी लोकांसमोर नेमका फोटो, नेमकी किंमत आणि पाठवण्याची तारीख ठेवा आणि आगाऊ पैसे घेऊन मोजकेच जोड करून घ्या. वीस जोडांना पैसे देणारे मिळाले नाहीत, तर दोनशे जोडांनाही मिळणार नाहीत. मिळाले, तर त्या वीस जणांशी बोला : आधी काय वापरत होता, काय खटकत होतं, आम्हाला कुठे शोधलंत?

गैरसमज ५ : विक्रीची किंमत वजा खरेदीची किंमत म्हणजे नफा.

वस्तुस्थिती : ऑनलाइन धंदा बुडतो तो बहुतेकदा याच वजाबाकीत, म्हणून इथे जरा थांबू. पुढचे आकडे फक्त हिशेबाची रीत समजावी म्हणून घेतले आहेत, जीएसटी बाजूला ठेवला आहे.

समजा एक जोड १,५०० रुपयांना विकला. कारागिराला ८०० दिले. खोकं आणि पॅकिंग ४०, कुरियर १००, संकेतस्थळाचं कमिशन आणि पैसे स्वीकारण्याची फी २२५, जाहिरात १५०. हाती उरले १८५ रुपये. वरवर पाहता ७०० सुटतील असं वाटत होतं.

आता परत येणारी पार्सलं धरा. ‘कॅश ऑन डिलिव्हरी’त ग्राहक दारात पार्सल नाकारतो किंवा माप बसत नाही म्हणून परत करतो. अशा प्रत्येक पार्सलवर जाहिरात, पॅकिंग, जाण्याचं आणि येण्याचं कुरियर मिळून ३९० रुपये जातात. शंभरांतली १५ परत आली, तर ८५ जोडांचे १५,७२५ मिळाले आणि ५,८५० गेले. उरले ९,८७५. तीस परत आली, तर १२,९५० मिळाले आणि ११,७०० गेले. शंभर पार्सलांची धावपळ करून उरले १,२५० रुपये.

पादत्राणांत परतीचं मोठं कारण माप. म्हणून ‘कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलने बाह्यरेषा काढा आणि फोटो पाठवा’ एवढी साधी सूचना नफ्याला जाहिरातीपेक्षा जास्त हात देऊ शकते.

दुसरा खर्च खोक्याच्या आकाराचा. बऱ्याच कुरियर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात, ५,००० ने भागतात, आणि येणारं वजन प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल तर त्यावर पैसे लावतात. ४० बाय ३० बाय २० च्या खोक्यातला बांबूचा आकाशकंदील काट्यावर अर्धा किलो भरला, तरी हिशेबात ४.८ किलोचा होतो. तोच कंदील घडी होणारा केला की चपट्या पाकिटात जातो. काही वस्तूंचा नफा असा त्यांच्या घडीत असतो.

गैरसमज ६ : परवाने आणि नियम मोठ्या कंपन्यांसाठी असतात.

वस्तुस्थिती : घरी केलेली चकली किंवा लाडू विकायचे तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते, लहान उत्पादकांसाठी तिची रीत सोपी आहे. वेष्टनबंद वस्तूवर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन किंवा नग, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून, उलाढाल मर्यादेच्या आत असलेल्या लहान विक्रेत्याला ऑनलाइन बाजारपेठांवर आपल्याच राज्यात जीएसटी नोंदणीशिवाय माल विकता येतो, त्यासाठी जीएसटी पोर्टलवरून क्रमांक मात्र घ्यावा लागतो. या बाजारपेठांवरून परराज्यात विकायचं तर नोंदणी हवीच.

नावाचंही तसंच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी आहे. २०१८ मध्ये मानांकन मिळालेला हापूस रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरचा. बाहेरचा माल या नावाने विकणं म्हणजे ज्यांनी पिढ्यान् पिढ्या हे नाव कमावलं त्यांच्या ताटातलं ओढून घेणं. जे अस्सल विकतात त्यांच्यासाठी मात्र हेच मानांकन मोठा आधार आहे. माल कुठून आला आणि कुणी केला हे त्यांनी मोकळेपणाने दाखवावं.

गैरसमज ७ : एकदा कोनाडा सापडला की तो कायमचा आपला.

वस्तुस्थिती : जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी पादत्राणं दाखवली आणि श्रेय न दिल्याबद्दल मोठा वाद झाला. काही दिवस सगळ्यांच्या तोंडी कोल्हापुरीच होती. अशा लाटेत नकलाही झपाट्याने बाजारात येतात. त्याच वर्षी २९ ऑगस्टपासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची आयातशुल्क-सवलत थांबवली. तिथल्या मराठी घरांना फराळ, नऊवारी किंवा चपला पाठवणाऱ्या लहान विक्रेत्यांचा हिशेब एका निर्णयाने बदलला. सगळी विक्री एकाच देशावर किंवा एकाच संकेतस्थळावर टांगलेली असेल, तर असा धक्का सोसत नाही.

टिकतं ते ग्राहकाबद्दलचं तुमचं ज्ञान. कुणाचं पाऊल किती रुंद, कुणी गेल्या वर्षी कोणता जोड घेतला, कुणाचा अंगठा सुटला आणि तुम्ही तो बदलून दिला, ही नोंदवही नक्कल करणाऱ्याकडे नसते.

तेव्हा माल भरण्याआधी एका कागदावर पाच ओळी लिहा. ग्राहक नेमका कोण? त्याची अडचण काय? आज तो कशावर भागवतो? तो कुठे भेटेल? आणि परतीची पार्सलं धरून एका ऑर्डरमागे किती उरतं? एखादी ओळ कोरी राहिली, तर अजून विचारपूस बाकी आहे. पाचही भरल्या, तर वीस जोड मागवा. दोनशे नकोत, वीसच.