खून झालेल्या स्त्रीची बातमी कशी वाचावी?



जळगाव व धुळे जिल्ह्यांत वर्तमानपत्र वाचणाऱ्यांस दोन मथळे चांगलेच परिचयाचे आहेत. एक "चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून" आणि दुसरा "अनैतिक संबंधातून विवाहितेची हत्या". हे मथळे इतके रुळले आहेत की त्यांत काही वावगे आहे, असे आपणास सहसा वाटत नाही. तथापि या मोजक्या शब्दांत मृत स्त्रीविषयी किती मोठा निवाडा दडलेला असतो, आणि तो कोणी व कशाच्या आधारे केलेला असतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम मराठी भाषेच्याच अंगाने पाहू. "संशयावरून" हा शब्द मारणाऱ्याच्या मनातील गोष्ट सांगतो. "अनैतिक संबंधातून" म्हटले की ती गोष्ट घडलीच होती असे ठरते, आणि तीही मेलेल्या स्त्रीच्या बाबतीत. पहिला मथळा दुसऱ्याहून थोडा प्रामाणिक आहे. परंतु दोहोंतही वाचकाच्या ध्यानात राहते ते तिचे "चारित्र्य". मारणाऱ्या हाताचा उल्लेख पुष्कळदा तिसऱ्या परिच्छेदात येतो.

मग ही माहिती वार्ताहरापर्यंत पोहोचते कशी? तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या वार्ताहराला रात्रीच्या आत बातमी पाठवायची असते. घटनास्थळी जाण्यास वेळ नसतो, मृत स्त्रीच्या माहेरचे लोक दूरच्या गावी असतात किंवा बोलण्याच्या स्थितीत नसतात. उरते ते पोलीस ठाणे. तेथे अटक झालेला पती किंवा नातलग तपासी अधिकाऱ्यास जे सांगतो, ते तोंडी बाहेर येते आणि दुसऱ्या दिवशी "खुनाचे कारण" म्हणून छापले जाते. म्हणजे ज्याच्यावर खुनाचा आरोप आहे त्याचेच म्हणणे मृत स्त्रीचे चरित्र ठरते. तिची बाजू मांडावयास ती हयात नसते.

येथे कायद्याची एक बाब आपल्या वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावी. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या २५ व्या कलमानुसार पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नसे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच तरतूद २३ व्या कलमात आहे. जे कथन न्यायालय पुरावा म्हणून स्वीकारीत नाही, तेच आपण सकाळच्या चहाबरोबर सत्य म्हणून स्वीकारतो. मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी नीलेश नवलखा प्रकरणात नेमके यावरच बोट ठेवले. पोलिसांपुढील कबुलीजबाब हा ग्राह्य पुरावा असल्याचा समज लोकांत निर्माण होईल अशा रीतीने तो प्रसिद्ध करणे टाळावे, असे न्यायालयाने माध्यमांना बजावले. गुन्ह्याचे नाट्यरूपांतर दाखवणे आणि आत्महत्येच्या प्रकरणात मृत व्यक्तीस दुर्बल चारित्र्याची म्हणून रंगवणे, या गोष्टीही न्यायालयाने वर्ज्य ठरविल्या. तो खटला एका अभिनेत्याच्या मृत्यूच्या वार्तांकनावरून उभा राहिला होता, हे खरे. परंतु त्यातील विवेचन खेड्यातील एखाद्या अनाम विवाहितेच्या बातमीलाही तितकेच लागू पडते असे आम्हांस वाटते.

अशा बातमीचे परिणाम किती दूरवर जातात, याचे महाराष्ट्रातील सर्वांत वेदनादायक उदाहरण म्हणजे खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील या गावात एका दलित कुटुंबातील आई, मुलगी व दोन मुलगे यांना जमावाने ठार मारले. कुटुंबाच्या शेतातून रस्ता काढण्याचा वाद आणि त्यामागील जातीय आकस ही पार्श्वभूमी होती. परंतु आरंभीच्या बातम्यांत आईचे कथित अनैतिक संबंध आणि त्यामुळे चिडलेले गावकरी, अशी कहाणी आली. चार माणसांचे हत्याकांड जणू गावाच्या नीतिमत्तेचा उद्रेक ठरले! पुढे सत्यशोधन समित्या गावात गेल्या, नोव्हेंबरमध्ये राज्यभर निदर्शने झाली आणि तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडारा येथील न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने त्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. आम्ही मुद्दामच येथे मृतांची नावे देत नाही. पहिल्या दिवसांत त्या मातेविषयी छापले गेलेले शब्द मात्र आजही काही लोकांच्या तोंडी ऐकू येतात.

खान्देशाला तर हा अनुभव त्याही आधी येऊन गेला होता. १९९४ साली जळगावातील लैंगिक शोषणाचे प्रकरण उघडकीस आले, ते खुनाचे नव्हते. छायाचित्रांच्या धाकाने मुलींचे शोषण झाले होते आणि आरोपींत राजकीय वजन असलेली माणसे होती. अरविंद इनामदार व मीरा बोरवणकर यांच्यासारखे अधिकारी तपासात होते. वर्तमानपत्रांनी हे प्रकरण धसास लावले, हे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. परंतु त्याच वेळी पीडित मुलींचे आकडे शेकड्यांत छापले जाऊ लागले. प्रत्यक्षात तक्रार व साक्ष देण्यास पुढे आलेल्या मुली मोजक्याच होत्या. आकडा जितका फुगत गेला तितका संशय शहरातील प्रत्येक मुलीवर पसरला, आणि "जळगावची मुलगी" म्हटले की स्थळे माघारी फिरू लागली. ज्या मुली साक्ष देऊ शकल्या असत्या त्यांच्या घरच्यांनी तोंड मिटून घेतले असेल, तर त्यांना दोष कोण देणार? खळबळजनक वार्तांकनाने पीडितेचे नुकसान होते, आणि शिवाय आरोपीला फायदाही होतो, हा धडा आपल्याच जिल्ह्याने दिला आहे.

ऑक्टोबर २०२० मध्ये रावेर तालुक्यातील बोरखेडा शिवारात शेतमजूर आदिवासी कुटुंबातील चार भावंडांची हत्या झाली, तेव्हा आणखी एक पेच समोर आला. सुरुवातीच्या बातम्यांत चारही मुलांची नावे छापून आली होती. नंतर थोरल्या मुलीवरील अत्याचाराचे कलम लागले. त्या क्षणापासून तिचे नाव छापणे बेकायदा होते. परंतु तोवर ते घराघरांत पोहोचले होते. म्हणूनच स्त्री वा बालिकेच्या खुनाच्या बाबतीत वैद्यकीय अहवाल येईपर्यंत नाव व छायाचित्र राखून ठेवणे, हाच सुरक्षित मार्ग ठरतो.

कायदा याविषयी काय सांगतो? लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा १९८३ पासून गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या २२८-अ कलमात होता, आता भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमात आहे. दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. अल्पवयीन मुलांसाठी पॉक्सो कायद्याचे २३ वे कलम आहे. पीडिता मरण पावली म्हणून हे संरक्षण संपत नाही. निपुण सक्सेना खटल्यात ११ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मृतांनाही प्रतिष्ठा असते, आणि नातलगांनी संमती दिली तरी नाव जाहीर करण्याची आवश्यकता आहे की नाही हे सत्र न्यायाधीशाने ठरवावयाचे आहे. नाव न छापता "अमुक शाळेत शिकणारी, तमुक पुढाऱ्याच्या शेजारी राहणारी" असे लिहिणे हाही ओळख उघड करण्याचाच प्रकार होय. मात्र हुंडाबळी किंवा संशयातून झालेला खून, जेथे लैंगिक अत्याचार नाही, तेथे हे कलम लागत नाही. तेथे उरतो तो केवळ संपादकाचा विवेक.

या साऱ्यावरून अशा बातम्या छापूच नयेत असा अर्थ कोणी काढू नये. स्वयंपाकघरात "स्टोव्हच्या भडक्याने" जळालेल्या सुना एके काळी अपघात म्हणून नोंदल्या जात असत. १९८२ मध्ये पुण्यातील मंजुश्री सारडा हिच्या मृत्यूनंतर स्त्री संघटना रस्त्यावर आल्या आणि वर्तमानपत्रांनी तो विषय लावून धरला. देशभरातील अशाच आंदोलनांमधून १९८३ मध्ये ४९८-अ हे कलम आले. (सारडा खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने पतीला संशयाचा फायदा देऊन निर्दोष सोडले, हेही नमूद करावयास हवे.) बातमी आली नसती तर ते मृत्यू अपघातच राहिले असते. प्रश्न बातमी देण्याचा नाही, ती कोणाच्या आयुष्याची चिरफाड करते याचा आहे. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात २५ फेब्रुवारी १९९५ रोजी धर्मभगिनी राणी मारिया यांची बसप्रवासात हत्या झाली. गरीब शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडविण्याचे त्यांचे कार्य काहींना खुपत होते. २०१७ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. त्यांच्याविषयी आपण जे सांगतो ते त्यांच्या कार्याविषयी सांगतो. खून झालेल्या इतर स्त्रियांनीही शेती केली, मुले वाढवली, बचत गट चालवले. त्यांतील एक ओळ तरी बातमीत यावयास काय हरकत आहे?

आता आपल्या हाती काय आहे ते पाहू. एखाद्या दैनिकातील मजकूर आक्षेपार्ह वाटल्यास प्रथम संपादकांना लेखी कळवावे. समाधान न झाल्यास प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे तक्रार करता येते. दैनिकाच्या बाबतीत ती प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत करावी, आणि सोबत कात्रण व संपादकांशी झालेला पत्रव्यवहार जोडावा. कौन्सिलला दंड करण्याचा अधिकार नाही. १९७८ च्या अधिनियमानुसार ते समज देऊ शकते व निषेध नोंदवू शकते. हे अपुरे आहे, पण लेखी पत्र आलेला संपादक पुढील वेळी मथळा पुन्हा वाचतो.

राहिला भ्रमणध्वनी. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळविणारी टोळी समजून पाच निरपराध माणसांना जमावाने मारले, आणि त्यामागे मोबाईलवरून फिरलेल्या अफवा होत्या, हे आपण विसरलेलो नाही. न्याय संहितेचे ७२ वे कलम केवळ वर्तमानपत्रांपुरते नाही. जो कोणी ओळख प्रसिद्ध करील त्याला ते लागू आहे. तेव्हा धर्मग्रामाच्या एखाद्या गटावर मृत मुलीचे छायाचित्र "श्रद्धांजली" म्हणून आले, तरी ते पुढे पाठवू नये, आणि ज्याने पाठविले त्यास फोन करून ते काढावयास सांगावे.